थरांचे अर्थकारण आणि तळाचा गोविंदा

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी भिवंडीहून काल्हेर-कशेळीमार्गे ठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याचे रूप पालटलेले असते. एरवी गोदामांतील माल वाहणारे टेम्पो त्या दिवशी एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेल्या तरुणांनी ओसंडून वाहत असतात. त्यांत यंत्रमागावर पाळी करणारे असतात, गोदामात रोजावर खोकी भरणारे असतात आणि आमच्या महाविद्यालयात नाव घातलेले विद्यार्थीही असतात; किंबहुना पुष्कळदा ही तिन्ही माणसे एकच असतात. दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेताना कोण आले नाही यापेक्षा कोण हात गळ्यात बांधून आले, हे प्रथम नजरेत भरते. अध्यापनाच्या इतक्या वर्षांत हे दृश्य चुकल्याचे मला आठवत नाही. म्हणून गोविंदा पथकांच्या पराक्रमाविषयी लिहिताना, कौतुकाच्या बरोबरीने हिशेबाचीही भाषा बोलणे मला भाग आहे.

पराक्रम निर्विवाद आहे. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यात नऊ थर रचून ४३.७९ फुटांची उंची गाठली आणि गिनेसच्या विक्रमग्रंथात नाव नोंदविले. १९८१ साली स्पेनमधील वाल्स येथील पथकाने रचलेल्या नऊ थरी मनोऱ्याचा विक्रम त्या दिवशी मागे पडला. पुढे १६ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यातच, वर्तकनगरात, कोकण नगर गोविंदा पथकाने दहा थर उभे केले आणि त्याच दिवशी जय जवाननेही दहाचा आकडा गाठला. ज्या मुलांच्या वाट्याला ना सरकारी क्रीडांगण येते, ना पगारी प्रशिक्षक, त्यांनी रस्त्यावर सराव करून जगाच्या विक्रमाशी स्पर्धा करावी, ही गोष्ट कोणत्याही समाजाने अभिमानाने सांगावी अशीच आहे.

परंतु त्याच ऑगस्टमध्ये, उत्सवाला काही दिवस अवकाश असताना, दहिसर येथे सरावाच्या वेळी वरच्या थरावरून पडून अकरा वर्षांचा एक मुलगा मृत्यू पावला. दहा थरांची बातमी पहिल्या पानावर झळकली; या मुलाची बातमी दोन दिवसांत विरून गेली. या दोन्ही बातम्या एकाच व्यवहाराच्या जमा आणि खर्च अशा दोन बाजू आहेत, आणि वहीच्या एकाच बाजूची बेरीज करून आपण नफा जाहीर करीत आहो, हे या लेखाचे म्हणणे आहे.

गल्लीतून चौकात

दहीकाल्याची हंडी ही मुळात गल्लीची गोष्ट. गिरगाव, दादर, लालबाग, माझगाव या भागांतील चाळींत दोन माड्यांच्या मध्ये दोर बांधून हंडी टांगली जाई. तिची उंची ठरे ती चाळीच्या मजल्यांवरून आणि बक्षीस ठरे ते चाळकऱ्यांच्या वर्गणीवरून. फोडणारे बहुधा त्याच वाडीतले किंवा शेजारच्या व्यायामशाळेतले. कोणी पडला तर त्याला झेलणारेही ओळखीचे, आणि दवाखान्यात नेणारेही ओळखीचेच. विम्याचे नाव कोणी घेत नसे, कारण वाडी हाच विमा होता.

पुढे गिरणगाव ओसरू लागले. १९८२ च्या संपाने ती प्रक्रिया वेगाने पुढे नेली. माणसे जोगेश्वरी, घाटकोपर, ठाणे, कल्याण अशी पांगली आणि त्यांच्याबरोबर पथकेही उपनगरांत गेली. हंडी मात्र गल्ली सोडून चौकात आली. ठाण्यात तिला राजकीय नेत्यांचा आश्रय मिळाला, टेंभी नाक्याच्या हंडीचे नाव दूरवर झाले, आणि पाहता पाहता वर्गणीची जागा प्रायोजकाने व नारळ-टोपीची जागा रोख रकमेने घेतली. चौकात चाळीच्या मजल्यांची मर्यादा नव्हती. क्रेनला दोर बांधला की हंडी हवी तितकी वर नेता येते. उंचीवरचा नैसर्गिक लगाम असा सुटला आणि तिची किंमत थरामागे रुपयांत ठरू लागली.

यात वाईट एवढेच झाले असे मला म्हणावयाचे नाही. पैशामुळे पथकांत शिस्त आली. गुरुपौर्णिमेला नारळ वाढवून सरावास प्रारंभ करावयाचा, महिना-सव्वा महिना रोज रात्री जमावयाचे, प्रत्येकाची जागा वजनाप्रमाणे आणि खांद्याच्या उंचीप्रमाणे ठरवावयाची, ही पद्धत रुजली. मुलींची पथके उभी राहिली आणि त्यांनीही मानाच्या हंड्यांना सलामी दिली. २०२३ साली वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात प्रो गोविंदा ही स्पर्धा सुरू झाली, तेथे थरांबरोबर घड्याळही मोजले जाऊ लागले. उत्सवाचा खेळ झाला आणि खेळाचा व्यवसाय होऊ लागला.

पायातले खांदे

या खेळाचे एक वैशिष्ट्य अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष विचार करावयास लावणारे आहे. क्रिकेटमध्ये शतक कोणाचे आणि बळी कोणाचे, हे सांगता येते. नऊ थरांतील एकाही गोविंदाचे वैयक्तिक उत्पादन मोजता येत नाही. तळाच्या वर्तुळातील माणसाची मान खाली असते. हंडी फुटताना त्याला ती दिसतही नाही. वर काय चालले आहे ते त्याला केवळ खांद्यावरच्या भारातून कळते. तो एक पाऊल सरकला तर सगळा मनोरा कोसळतो. तो स्थिर राहिला तर छायाचित्र मात्र वरच्या एक्क्याचे छापून येते. अशा एकजीव श्रमाचे फळ कसे वाटावे, हा प्रश्न कठीण आहेच. पण अशा श्रमातील नुकसान कोणी सोसावे, या प्रश्नाचे उत्तर आज फारच सोपे करून टाकले आहे : जो पडला त्याने.

बक्षिसाची रचनाच पाहा. सात थरांपेक्षा आठ थरांना अधिक, नवाला त्याहून कितीतरी अधिक आणि विक्रमाला लाखांत, अशी ही चढण असते. थर एकेकाने वाढतो, पण पडण्याचा धोका आणि पडण्याची उंची त्याहून वेगाने वाढते. आयोजकाच्या दृष्टीने नववा थर म्हणजे गर्दी, दूरचित्रवाणी आणि नाव. हा लाभ त्याच्या पदरात पडतो. नवव्या थराचा वाढीव धोका मात्र आयोजकाच्या हिशेबात कोठेही येत नाही. ज्या खर्चाचे देयक दुसऱ्याच्या नावे जाते, तो खर्च करताना कोणीही हात आखडत नाही. अर्थशास्त्राचा हा पहिलीतला धडा आहे.

यावर ठरलेले उत्तर असे की, गोविंदा स्वखुशीने चढतो, त्याला कोणी बोलावीत नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्येच याची दखल घेऊन ठेवली आहे. माणूस लाभाची शक्यता वाजवीपेक्षा अधिक आणि हानीची शक्यता वाजवीपेक्षा कमी मानतो, आणि ज्या वयात तरुण आपला व्यवसाय निवडतात त्या वयात ही प्रवृत्ती सर्वांत प्रबळ असते, अशा आशयाचे निरीक्षण त्याने सैनिक आणि खलाशी यांच्यासंबंधात नोंदविले आहे. आमच्या मुलांनी स्मिथ परीक्षेपुरता वाचलेला असतो; त्याचे प्रात्यक्षिक ते दर श्रावणात करतात. स्वखुशी खरी आहे, पण ती एकोणिसाव्या वर्षाची स्वखुशी आहे.

शिवाय भिवंडीसारख्या गावात तरी हे उत्तर शोभत नाही. मागावर येणारा कामगारही स्वखुशीनेच येतो. तरीदेखील १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने असे तत्त्व या देशात रुजविले की, कामावर झालेल्या अपघाताची भरपाई, मालकाची चूक सिद्ध करावी न लागता, मालकाने द्यावी. कारण श्रमाचा लाभ तो घेतो. हे तत्त्व येथील मागांवर किती पाळले जाते हा निराळ्या लेखाचा विषय आहे. पण तत्त्व म्हणून त्याला कोणी आव्हान देत नाही. मग हंडीच्या चौकातच ते का गैरलागू व्हावे?

घोषणा आधी, नियम मागाहून

शासन आणि न्यायालये यांनी काहीच केले नाही असे नव्हे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना मज्जाव केला आणि मनोऱ्याची उंची वीस फुटांपर्यंत मर्यादित केली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१६ च्या उत्सवात वीस फुटांची मर्यादा कायम राहिली. ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचा प्रश्न विधिमंडळाच्या विचारावर सोपविला आणि चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घेतले जाणार नाही, ही शासनाची हमी स्वीकारली. २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा, मृत्यू झाल्यास दहा लाख व अपंगत्वाच्या प्रमाणात साडेसात आणि पाच लाख रुपयांचे साहाय्य, तसेच सरकारी नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात गोविंदांचा समावेश जाहीर केला. या शेवटच्या घोषणेवर स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हरकत घेतली, आणि ती रास्त होती. एका पथकात शे-दीडशे जण असताना खेळाडू कोणाला म्हणावयाचे, प्रावीण्य कशावरून ठरवावयाचे, नोंद कोणी ठेवावयाची, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर घोषणेच्या वेळी तयार नव्हते. दर्जा आधी आला. नियमपुस्तक मागाहून यावयाचे होते.

अन्य देशांत हा क्रम उलट असल्याचे दिसते. बर्फावर चाकाविना सरकत जाणाऱ्या संघांची एकतालातील स्केटिंग ही अशीच, अनेक देहांनी मिळून एक आकृती घडविण्याची कला आहे. १९५६ साली अमेरिकेतील ॲन आर्बर येथे रिचर्ड पोर्टर यांनी असा पहिला संघ उभा केला, तो बर्फावरील हॉकीच्या मध्यंतरात प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी. या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली ती २००० साली, आणि २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकपर्यंतही त्याला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळालेले नाही. मध्यंतरीच्या चव्वेचाळीस वर्षांत या खेळाने मिळविले काय? संघात किती जण असावेत, कोणत्या वयोगटाने काय करावे, एकमेकांना उचलण्याचे कोणते प्रकार कोणाला मोकळे आणि कोणाला वर्ज्य, गुण कशाचे द्यावयाचे आणि कशाचे कापावयाचे, याची तपशीलवार घटना. खेळ सन्मानाने मोठा होतो हे खरे, पण तो उभा राहतो नियमांवर.

विम्याच्या बाबतीत मात्र एक चांगला पायंडा पडला आहे, त्याचे श्रेय दिले पाहिजे. २०२३ पासून राज्य शासन गोविंदांच्या विम्याचा हप्ता भरू लागले. हप्ता माणशी ७५ रुपये आणि संरक्षण दहा लाखांपर्यंत. आरंभी पन्नास हजार गोविंदांसाठी असलेली ही योजना २०२५ मध्ये दीड लाखांपर्यंत नेण्यात आली. दीड लाख गोविंदांचा हप्ता होतो एक कोटी साडेबारा लाख रुपये. आता दुसरा हिशेब करा. एखाद्या विक्रमासाठी पंचवीस लाखांचे पारितोषिक लावले, तर त्या एका रकमेत तेहतीस हजारांहून अधिक गोविंदांचा हप्ता भरता येतो. मग प्रश्न पडतो की, पारितोषिक आयोजकाने द्यावे आणि हप्ता करदात्याने भरावा, ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली? जाहिरात ज्याची, जोखीम त्याची, हा साधा व्यवहार येथे उलटा का?

आणि ही योजना तरी कोठवर पोहोचते? ती कायद्याने बांधलेली नाही. तिचा निर्णय वर्षागणिक व्हावा लागतो, आणि सराव तर गुरुपौर्णिमेपासून चालू असतो. अपघात काही केवळ दहीकाल्याच्या दिवशीच होत नाहीत. दहिसरचा मुलगा सरावातच गेला. त्याच्या वयाचा मुलगा तर नियमाने थरावर असावयासच नको होता. ज्याला चढण्यास मनाई, त्याचे नाव विम्याच्या यादीत येणार कसे? म्हणजे सर्वांत लहान, सर्वांत हलका आणि सर्वांत उंचावर चढणारा गोविंदाच संरक्षणाच्या बाहेर राहतो. याउलट बहुसंख्य दुखापती मृत्यूच्या नसतात. त्या मनगटाच्या, खांद्याच्या, पाठीच्या असतात. माझ्या एका विद्यार्थ्याचे मनगट सरावात मोडले. दिवसा गोदामात काम करून तो सायंकाळी अभ्यास करीत असे. सहा आठवडे रोज बुडाला आणि सत्राचे शुल्क थकले. पथकाने वर्गणी काढून औषधांचा खर्च भागविला. बुडालेला रोज कोणाच्याच वहीत नव्हता. तो मुलगा कोणाविरुद्ध तक्रार करीत नव्हता. पुढच्या वर्षी पायात उभा राहता येईल का, एवढेच विचारीत होता.

कॅटालोनियाचा धडा

ज्यांचा विक्रम आपण मोडला त्यांच्याकडे एकदा शिकण्याच्या दृष्टीने पाहावे. स्पेनच्या कॅटालोनिया प्रांतात माणसांचे मनोरे रचण्याची परंपरा वाल्स गावापासून सुरू झाली आणि ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. २०१० साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथे १९८९ मध्ये पथकांनी आपली मध्यवर्ती संघटना स्थापन केली, तिच्यामागील एक प्रमुख प्रयोजन सर्वांसाठी सामाईक विम्याची सोय हे होते. शासनाच्या घोषणेची वाट न पाहता पथकेच एकत्र आली. २००६ मध्ये मातारो येथील पथकातील बारा वर्षांची मुलगी मनोऱ्यावरून पडून मरण पावली. त्या घटनेने सारा प्रांत हादरला आणि वरच्या थरांवर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण हा शिरस्ताच झाला. मुले तेथेही चढतात; प्रश्न आहे तो त्यांच्या डोक्याची काळजी कोणी वाहिली याचा.

त्यांच्या नियमांतील एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. तेथे मनोरा शेंड्यापर्यंत पोहोचला म्हणजे काम संपत नाही. तो थराथराने, कोणी न पडता, पुन्हा खाली उतरला तरच पूर्ण झाला असे मानतात. रचलेला परंतु उतरताना कोसळलेला मनोरा कमी गुणांचा ठरतो. आपल्याकडे हंडी फुटली, सलामी झाली, की गर्दीचा जयघोष आणि मनोऱ्याचे कोसळणे एकाच क्षणी होते, आणि त्या कोसळण्यालाच आपण आनंदाचा कळस समजतो. चढण्याला लाख आणि उतरण्याला शून्य, असा भाव लावल्यावर उतरण्याचा सराव कोणी का करावा?

काय करता येईल

यावरून काही सूचना निघतात. त्यांपैकी एकीलाही फारसा खर्च नाही. पहिली, बक्षीस सुरक्षित उतरण्याशी बांधावे. रकमेचा निम्मा भाग मनोरा नीट उतरल्यावरच मिळेल, एवढा एक नियम केला तर पथकांचा सराव एका वर्षात बदलेल. दुसरी, ठरावीक रकमेहून मोठे पारितोषिक जाहीर करणाऱ्या आयोजकाकडून त्या रकमेचा दहावा हिस्सा उत्सवाच्या परवान्याबरोबरच गोविंदा निधीत भरून घ्यावा. विम्याचा हप्ता आणि किरकोळ वाटणाऱ्या दुखापतींतील बुडालेला रोज या निधीतून दिला जावा. तिसरी, विम्याची मुदत गुरुपौर्णिमेपासून धरावी आणि तो निर्णय दर साली नव्याने घेण्याची आवश्यकता उरू नये. चौथी, सरावाच्या जागी गाद्या, वरच्या थरासाठी दोर आणि शिरस्त्राण यांविना पथकाची नोंदणीच होऊ नये; आणि नोंदणीच्या वेळी वयाचा दाखला पाहिला जावा.

यावर आक्षेप येईल की, सणाचा असा खातेवहीतला हिशेब मांडणे अरसिकपणाचे आहे, नियमांनी उत्सवाचा प्राण जाईल. परंतु ज्या दिवशी थरामागे भाव लागला त्या दिवशीच हिशेब सुरू झाला. तो मी सुरू केलेला नाही. मी केवळ वहीची दुसरी बाजू भरा म्हणतो. शिवाय नियमांनी खेळ मरतो हे खरे असते, तर घड्याळ लावून थर मोजणाऱ्या स्पर्धेला एकही पथक गेले नसते. दुसरा आक्षेप असा की, आयोजकांवर भार टाकला तर बक्षिसे घटतील. घटली तर घटोत. पारितोषिक दहाव्या हिश्शाने कमी झाले म्हणून चढावयाचे थांबेल असा गोविंदा मी तरी पाहिलेला नाही. तो पैशासाठी चढतो हा समज मुळात पैसे देणाऱ्यांचा आहे. पथकाच्या वाट्याला आलेली रक्कम शे-दीडशे जणांत वाटली आणि टी-शर्ट, टेम्पो व जेवण यांचा खर्च वजा केला, तर प्रत्येकाच्या हाती काय उरते, हे कोणत्याही पथकाच्या खजिनदाराला विचारावे.

गोविंदा चढतो तो वेगळ्याच कारणासाठी. वर्षभर ज्याच्या श्रमाला नाव नसते, तो त्या दिवशी एका मोठ्या गोष्टीचा भाग असतो. खांद्यावर दुसऱ्याचा पाय आणि मनात त्याच्याविषयी विश्वास, ही अनुभूती त्याला ना मागावर मिळते, ना गोदामात आणि, हे कबूल करताना संकोच वाटतो, ना आमच्या वर्गात. या विश्वासाला मोल नाही. पण ज्याला मोल नाही ते फुकट घ्यावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

येणाऱ्या दहीकाल्यालाही कशेळीच्या रस्त्याने टेम्पो जातील, क्रेन उभ्या राहतील, आणि आपण सारे मान वर करून थर मोजू. मोजणी नेहमी वरून होते : आठ, नऊ, दहा. एकदा ती खालून करून पाहावी. पहिल्या थरातील माणूस उद्या कामावर जाऊ शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर ज्या आयोजकापाशी असेल, त्याचीच हंडी खरी मानाची.